एक टेबल, दोन संगणक: मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस दोघांत कसे वाटून घ्यावेत

टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप, खाली स्वतःचा डेस्कटॉप, समोर दोन मॉनिटर आणि कीबोर्ड-माउसचा एकच संच. दिवसभर हे सगळं लॅपटॉपला हवं, संध्याकाळी डेस्कटॉपला. अशा वेळी बहुतेक जण थेट 'दोन मॉनिटरचा केव्हीएम स्विच' शोधायला लागतात. केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तिन्ही गोष्टी एका बटणासरशी एका संगणकाकडून दुसऱ्याकडे वळवणारा डबा. त्याला नावं ठेवायची नाहीत, पण माझ्या मते तो शेवटचा पर्याय आहे. या तिघांत व्हिडिओ सगळ्यात नाजूक, आणि नेमका तोच डब्यातून फिरवण्याची गरज अनेकदा नसते, कारण मॉनिटरला मागे दोन-तीन इनपुट आधीच असतात. एकच वायर असते ती कीबोर्ड, माउस, वेबकॅम यांना. स्विच खरा हवा तो त्यांना.

म्हणून या लेखातला मुख्य मार्ग असा: व्हिडिओच्या केबल दोन्ही संगणकांतून सरळ मॉनिटरला, यूएसबीची उपकरणं एका साध्या यूएसबी स्विचमधून, आणि मॉनिटरचं इनपुट बदलायचं काम एका छोट्या प्रोग्रामकडे. हे कुठे जमत नाही आणि तेव्हा काय करायचं, तेही पुढे आहे.

## आधी कागद, मग खरेदी

दोन्ही संगणकांची आणि प्रत्येक मॉनिटरची पोर्ट कागदावर लिहून काढा. नुसतं 'एचडीएमआय आहे' एवढं पुरत नाही. कोणत्या आवृत्तीचं आहे, तेही मॅन्युअलमध्ये बघा. यूएसबी-सीच्या बाबतीत तर जास्तच डोळस राहायला हवं. दिसायला सारख्या दोन यूएसबी-सी पोर्टपैकी एकातून चित्र बाहेर पडतं, दुसऱ्यातून फक्त डेटा आणि चार्जिंग मिळतं, असं एकाच लॅपटॉपवर सर्रास आढळतं. पोर्टशेजारी थंडरबोल्टचं (यूएसबी-सीच्याच आकाराचं, जास्त वेगवान पोर्ट) कडाडत्या विजेसारखं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखंच चित्राचं पोर्ट) चिन्ह असेल तर चित्र मिळण्याची खात्री धरा. चिन्ह नसेल तर मॅन्युअल उघडा.

दुसरी नोंद संगणक किती बाहेरचे मॉनिटर चालवू शकतो याची. एम१ आणि एम२ या मूळ चिपचे मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. एम३ चिपचं मॅकबुक एअर झाकण बंद असताना दोन चालवतं, एम४ चिपचं झाकण उघडं ठेवूनही. शिवाय मॅकओएसला एका डिस्प्लेपोर्ट केबलमधून दोन वेगवेगळी चित्रं काढता येत नाहीत. या सोयीचं नाव एमएसटी. विंडोजवर ती चालते, मॅकवर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटतं. बाजारातले कित्येक 'दोन मॉनिटरचे डॉक', म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टची अनेक पोर्ट करणारे डबे, एमएसटीवरच चालतात, त्यामुळे मॅक असेल तर थंडरबोल्ट डॉक किंवा डिस्प्लेलिंक तंत्राचा डॉक बघावा लागतो. डिस्प्लेलिंक हे चित्र दाबून यूएसबीच्या डेटामधून पाठवतं. त्यासाठी सॉफ्टवेअर बसवावं लागतं आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो. लिखाणाच्या, तक्त्यांच्या कामाला ते पुरेसं आहे, खेळांसाठी नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण धरू. दोन मॉनिटर, दोन्ही २५६० × १४४० पिक्सेलचे, प्रत्येकाला एक डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला तीन डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉप विंडोजचा, त्याला चित्र देणारं एक यूएसबी-सी.

## केबलमध्ये किती मावतं

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि पुढची बरीच डोकेदुखी वाचवतो. उभे पिक्सेल गुणिले आडवे पिक्सेल गुणिले दर सेकंदाच्या चौकटी (म्हणजेच हर्ट्झ) गुणिले २४ बिट. २५६० × १४४० ला ६० हर्ट्झवर हे साधारण ५.३ गिगाबिट प्रतिसेकंद येतं, १४४ हर्ट्झवर १२.७, आणि ४के म्हणजे ३८४० × २१६० ला ६० हर्ट्झवर जवळपास १२. सिग्नलमधल्या मोकळ्या जागांसाठी यावर आणखी थोडं धरायचं.

आता नळीची रुंदी. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट, म्हणून त्यावर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं आणि माउस ओढल्यासारखा वाटतो. एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिट, त्यात ४के ६० हर्ट्झला बसतं. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून प्रत्यक्ष चित्रासाठी १७.२८ गिगाबिट मिळतात, १.४ मधून २५.९२.

यूएसबी-सीमध्ये एक खाच आहे. त्या केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. चारही चित्राला दिल्या तर डेटा यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटवर येतो. दोन चित्राला आणि दोन डेटाला दिल्या तर यूएसबी ३ चा वेग टिकतो, पण चित्राची क्षमता निम्मी होते. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर ती निम्मी म्हणजे जेमतेम १३ गिगाबिट, एक ४के मॉनिटर कसाबसा मावेल इतकी. चित्र दाबून पाठवणारं डीएससी दोन्ही टोकांना असेल तर गोष्ट वेगळी. थंडरबोल्ट ४० गिगाबिटचं असल्यामुळे तिथे ही ओढाताण उरत नाही.

आपल्या उदाहरणात लॅपटॉपला दोन मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवायचे आहेत. दोन वेळा ५.३ आणि वरचा खर्च धरून साधारण १२. डिस्प्लेपोर्ट १.४ असलेल्या लॅपटॉपला साधा यूएसबी-सी डॉक पुरेल. मॉनिटर १४४ हर्ट्झचे असतील तर तो वेग डेस्कटॉपला डिस्प्लेपोर्टवरून द्या. ऑफिसच्या ईमेल वाचायला ६० हर्ट्झ भरपूर झाले.

## जोडणी

डेस्कटॉपमधून दोन डिस्प्लेपोर्ट केबल, एकेका मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला. लॅपटॉपला डॉक, आणि डॉकमधून दोन एचडीएमआय केबल मॉनिटरच्या एचडीएमआयला. दोन्ही मॉनिटरवर एका संगणकासाठी एकाच प्रकारचं इनपुट ठेवा. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे इनपुट आपोआप बदलायची मांडणी करताना 'डेस्कटॉप म्हणजे डिस्प्लेपोर्ट, लॅपटॉप म्हणजे एचडीएमआय' हे डोक्यात पक्कं असलं की गोंधळ होत नाही.

आता यूएसबी स्विच. याला संगणकांच्या बाजूने दोन वायर आणि उपकरणांच्या बाजूने साधारण चार पोर्ट असतात. एक वायर डेस्कटॉपला, दुसरी डॉकला (लॅपटॉपला नको, म्हणजे लॅपटॉप उचलताना एकच केबल काढावी लागेल). उपकरणांच्या बाजूला कीबोर्ड, माउस, वेबकॅम, माइक. स्विच घेताना दोन गोष्टी बघा. बटण वायरने बाहेर काढलेलं असेल तर डबा टेबलाखाली चिकटवता येतो. आणि वेगळ्या पॉवर अडॅप्टरची सोय असावी. यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००, आणि संगणकाच्या त्या एकाच पोर्टवर तुमची चार उपकरणं जगत असतात. दिव्यांचा कीबोर्ड, वेबकॅम आणि माइक एकत्र आले की अधूनमधून काहीतरी 'गायब' व्हायला लागतं. दोष उपकरणात शोधला जातो, कमतरता असते विजेची.

वायरलेस माउसचा किंवा कीबोर्डचा छोटा रिसीव्हर याच स्विचला लावता येतो. मात्र यूएसबी ३ च्या चालू पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो आणि हे रिसीव्हर त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने यावर २०१२ मध्येच तांत्रिक टिपण काढलं होतं. माउस अडखळत असेल तर रिसीव्हर एका छोट्या एक्स्टेंशन वायरने स्विचपासून दूर, माउसच्या जवळ आणा.

एक नियम कडक पाळा: बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह या स्विचला लावू नका. बटण दाबणं म्हणजे वायर उपटणंच, आणि फाइल लिहिली जात असताना ते झालं तर डेटा खराब होऊ शकतो. डिस्क ज्या संगणकाची, त्यालाच थेट.

केबलच्या दोन्ही टोकांना नावाच्या चिठ्ठ्या लावा. सहा काळ्या केबल टेबलामागे एकत्र गेल्या की कुठली कुणाची ते त्यांनाही आठवत नाही.

## इनपुट हाताने बदलायचं नाही

इथपर्यंतच्या मांडणीत एक त्रास उरतो: यूएसबीचं बटण दाबल्यावर दोन्ही मॉनिटरच्या मागची बटणं चाचपडत इनपुट बदलायचं. यावर उतारा मॉनिटरमध्येच असतो. डीडीसी/सीआय नावाच्या मानकानुसार संगणक व्हिडिओच्या केबलमधूनच मॉनिटरला आज्ञा देऊ शकतो: प्रकाश कमी कर, आवाज वाढव, इनपुट बदल. प्रत्येक गुणाला एक क्रमांक असतो. इनपुटचा क्रमांक षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत ६०, आणि मानकानुसार पहिल्या एचडीएमआयची किंमत दशमान १७, दुसऱ्याची १८. पहिल्या डिस्प्लेपोर्टची किंमत दशमान १५, दुसऱ्याची १६. सगळे उत्पादक हे तंतोतंत पाळत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्यायचं.

क्रम असा. मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय सुरू आहे का ते बघा. त्याच मेनूत इनपुट आपोआप शोधण्याची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर तुम्ही लॅपटॉपकडे गेलात की मॉनिटर स्वतःच्या मनाने डेस्कटॉपकडे परत येईल. मग विंडोजवर कंट्रोल-माय-मॉनिटर, लिनक्सवर डीडीसीयूटिल, आणि एम मालिकेच्या मॅकवर एम१-डीडीसी किंवा बेटर-डिस्प्ले यांपैकी एक घ्या. प्रत्येक मॉनिटरसाठी ६० क्रमांकाची सध्याची किंमत वाचा, इनपुट हाताने बदला, दुसऱ्या संगणकावरून पुन्हा वाचा. दोन्ही किंमती कागदावर उतरवा. मग एखादी किंमत लिहून मॉनिटर खरंच उडी मारतो का ते तपासा.

उडी मारत असेल तर 'डिस्प्ले-स्विच' हा मुक्त स्रोत प्रोग्राम बसवा. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याची युक्ती सोपी आहे. तुम्ही त्याला एखादं यूएसबी उपकरण सांगता, समजा कीबोर्ड. ते उपकरण या संगणकाला जोडलं गेलं की तो मॉनिटरना म्हणतो, 'माझ्या इनपुटवर या.' म्हणजे यूएसबी स्विचचं एक बटण दाबलं की कीबोर्ड, माउस आणि दोन्ही मॉनिटर एकदमच सरकतात. केव्हीएम डब्याने जे केलं असतं तेच, पण चित्राच्या वाटेत काहीही न घालता.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काही बसवायची परवानगी नसते, ही अडचण ठरलेली. तरीही काम होतं. याच प्रोग्राममध्ये उपकरण निघाल्यावर काय करायचं, तेही लिहिता येतं. फक्त डेस्कटॉपवर बसवा आणि दोन ओळी लिहा: कीबोर्ड आला तर डिस्प्लेपोर्ट, कीबोर्ड गेला तर एचडीएमआय. लॅपटॉपला हात लावावाच लागत नाही. अट एवढीच की डेस्कटॉप जागा असला पाहिजे, आणि पडद्यावर दुसरं इनपुट असतानाही मॉनिटरने त्याचं ऐकलं पाहिजे. काही मॉनिटर फक्त चालू इनपुटचंच ऐकतात. असा मॉनिटर असेल तर प्रोग्राम दोन्हीकडे बसवून दोघांनाही 'कीबोर्ड गेला की समोरच्याच्या इनपुटवर पाठव' असं सांगा. चालू संगणक स्वतःच पडदा सोडून देतो. हे मात्र दोन्ही यंत्रं तुमच्या ताब्यात असतील तरच.

## या मांडणीचा एक स्वभाव

मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर गेला तरी अनेकदा पहिल्या संगणकाला तो जोडलेलाच दिसतो. फायदा असा की खिडक्या जागच्या जागी राहतात. तोटा असा की दोनपैकी एकच मॉनिटर दुसऱ्याला दिला तर पहिल्याचा माउस आणि खिडक्या न दिसणाऱ्या पडद्यावर भटकू शकतात. विंडोजमध्ये विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली की समोरची खिडकी शेजारच्या पडद्यावर येते. ही जोडी हाताला लावून घ्या.

दुसरीकडे, एक मॉनिटर लॅपटॉपला आणि एक डेस्कटॉपला अशी वाटणी इथे हवी तेव्हा करता येते. साधारण दोन मॉनिटरच्या केव्हीएम डब्यात दोन्ही पडदे एकदमच हलतात. मीटिंग लॅपटॉपवर आणि टिपणं डेस्कटॉपवर असं काम ज्यांचं आहे, त्यांना हा फरक रोज जाणवेल.

काही मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्टवर, इनपुट सोडताना किंवा गाढ झोपेत जाताना 'मी निघालो' असा इशारा देतात. मग सगळ्या खिडक्या एका पडद्यावर गोळा होतात. मॉनिटरच्या मेनूतली गाढ झोप बंद करून बघा. विंडोज ११ मध्ये सिस्टम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो सुरू ठेवा.

## केव्हीएम डबा घ्यायचाच असेल तर

मॉनिटरला एकच कामाचं इनपुट असेल, डीडीसी/सीआयला तो दाद देत नसेल किंवा दोन्ही संगणकांवर काहीच बसवता येत नसेल, तर डबा रास्त. घेताना मात्र वेष्टनावरच्या मोठ्या '४के'ला भुलू नका, शेजारी ३० हर्ट्झ लिहिलंय की ६० ते बघा. दोन मॉनिटरच्या डब्याला प्रत्येक संगणकाकडून दोन व्हिडिओ केबल जातात. लॅपटॉपला एकच पोर्ट असेल तर मध्ये डॉक लागेलच, किंवा एमएसटीवर चालणारा डबा घ्यावा लागेल.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द ईडीआयडी. मॉनिटर जोडला की तो संगणकाला आपली ओळख देतो: नाव, रिझोल्यूशन, हर्ट्झ. स्वस्त डब्यात बटण दाबताच ही ओळख तुटते, संगणक समजतो की मॉनिटर काढून टाकला, आणि खिडक्यांची पळापळ होते. ईडीआयडी एम्युलेशन असलेला डबा मॉनिटर नसतानाही ही ओळख धरून ठेवतो. हा शब्द वर्णनात नसेल तर डबा परत ठेवा.

डब्यामुळे केबलचे तुकडेही दोन होतात, संगणक ते डबा आणि डबा ते मॉनिटर. सिग्नलला दोन्ही पार करावे लागतात, म्हणून प्रत्येक तुकडा शक्य तितका आखूड घ्या. पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल तर पहिला संशय केबलवर घ्यावा. चित्राचा वेग जुळवून घेणारी फ्रीसिंक किंवा जी-सिंक ही सोयही डब्यातून जाईलच असं नाही.

डब्यावर कीबोर्ड-माउसची खास पोर्ट वेगळी असतात. ती कीबोर्ड असल्याची बतावणी संगणकापुढे करत राहतात, त्यामुळे बदल झटपट होतो आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबून संगणक बदलण्यासारख्या युक्त्या चालतात. पण जास्तीच्या कळा किंवा मॅक्रो असलेला कीबोर्ड तिथे अर्धवट चालतो. तो बाजूच्या साध्या यूएसबी पोर्टला लावा, फक्त कळांच्या युक्तीवर पाणी सोडावं लागेल. वेबकॅमची जागाही तीच.

अडॅप्टर घेताना दिशा बघा. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयला नेणारा अडॅप्टर उलटा चालत नाही. एचडीएमआय संगणक आणि डिस्प्लेपोर्ट मॉनिटर अशी गाठ असेल तर सक्रिय अडॅप्टर लागतो, ज्याला बहुधा यूएसबीची वेगळी वीज द्यावी लागते.

नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर केव्हीएम आतच असलेला बघा. डेलचा यू२७२३क्यूई हे त्याचं एक उदाहरण. लॅपटॉप यूएसबी-सीने, डेस्कटॉप व्हिडिओ केबल आणि वेगळ्या यूएसबी वायरने, कीबोर्ड-माउस थेट मॉनिटरला. इनपुट बदललं की तेही बदलतात. दुसरा मॉनिटर साधा असला तरी चालतो, त्याला वरच्या डीडीसीच्या वाटेने सोबत आणता येतं.

## नुसत्या सॉफ्टवेअरने

दोन्ही संगणक एकाच वेळी समोर हवे असतील, एकाचा एक पडदा आणि दुसऱ्याचा एक, तर बटणाची गरजच नाही. माउस पडद्याच्या कडेवरून सरकवला की तो पलीकडच्या संगणकात जातो. विंडोज-विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईजमधलं 'माउस विदाउट बॉर्डर्स' चार संगणकांपर्यंत चालतं. मॅक आणि आयपॅडसाठी युनिव्हर्सल कंट्रोल मॅकओएस १२.३ पासून अंगभूत आहे. मिश्र घरासाठी डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप. लॉजिटेकच्या काही माउसना फ्लो नावाची अशीच सोय आहे.

हे सगळं नेटवर्कवरून चालतं, म्हणून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) शिरताना किंवा डिस्कच्या कूटबद्धतेचा पासवर्ड टाकताना हाताशी एक खरा कीबोर्ड लागतोच. शिवाय यातल्या बऱ्याच प्रोग्रामांत क्लिपबोर्ड सामायिक असतो. ऑफिसच्या यंत्रावरून कॉपी केलेला मजकूर घरच्या यंत्रावर उतरणं तुमच्या कंपनीच्या नियमांत बसतं का, ते आधी विचारा आणि नसेल तर तो पर्याय बंद करा.

## आवाज आणि झोप

यूएसबी हेडसेट स्विचला लावला की बटण दाबताच चालू कॉलमधून तो निघून जातो. कॉलमध्ये असताना दुसऱ्या संगणकावर काही बघायचं असेल तर हेडसेट थेट लॅपटॉपला ठेवा, किंवा एकाच वेळी दोघांशी जोडलेला राहणारा मल्टिपॉइंट ब्लूटूथ हेडसेट घ्या. स्पीकर दोघांचे हवे असतील तर छोटा ३.५ मिमी मिक्सर पुरतो. घुमल्यासारखा आवाज आला तर दोन यंत्रांच्या अर्थिंगमधला फरक कारण असू शकतो, वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घालून बघा.

झोपलेला संगणक कीबोर्डने जागा करायचा तर कीबोर्ड त्याच्याकडे असायला हवा आणि स्विचमधून तो इशारा पोचायला हवा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर त्याला संगणक जागा करण्याची परवानगी द्या. तरीही जागा होत नसेल तर दिवसा कामाच्या वेळात झोप बंद ठेवून फक्त पडदा बंद होऊ द्या.

शेवटी सगळं जोडून झालं की दोन्ही संगणक पूर्ण बंद करून एकेक सुरू करा, दोन्ही दिशांना काही वेळा बटण दाबा, आणि प्रत्येक वेळी डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा वाचा. १४४ चा मॉनिटर गुपचूप ६० वर उतरलेला बऱ्याचदा तिथेच सापडतो.